एलपीजी फोर्कलिफ्टचा सिलिंडर बदलताना बोटं पांढरी पडली, आणि शेठ म्हणतात निळ्यातून भरून घ्या

गोडाऊनवाली_जालना

नमस्कार. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या गोडाऊनचं स्टोअर सांभाळते. शिक्षण बी.कॉम. यंत्रातलं फार कळत नाही, पण रजिस्टरवर सही माझी असते. त्यामुळं काही झालं तर पहिला फोन मलाच येणार, एवढं कळतं.

आमच्याकडं आधी डिझेलची फोर्कलिफ्ट होती. बंद शेडमधे तिचा धूर असा कोंडायचा की वरच्या थरातल्या पोत्यांवर काजळी बसायची. एप्रिल-मे म्हणजे कपाशीचं बियाणं बाहेर काढायची घाई, त्यात हमाल खोकून बेजार. म्हणून शेठनी दिवाळीनंतर पुण्याकडून एलपीजीवर चालणारी जुनी गाडी आणली, अडीच टनी. सोबत आडवे बसणारे दोन सिलिंडर आले. धूर खरंच कमी झाला, ते खोटं नाही.

गाडी चालवतात ते मामा (नात्यातले नाहीत, सगळेच मामा म्हणतात) वीस वर्षं डिझेलवर होते. हात एकदम साफ, थप्पीला कधी धक्का लागू दिला नाही. पण गॅस त्यांनाही नवीनच. गेल्या पंधरा दिवसांत तीन गोष्टी झाल्या, जशा झाल्या तशा सांगते.

मागच्या मंगळवारी गॅस संपत आला म्हणून मामांनी चावी बंद केली, उतरले आणि नळीचं कपलिंग फिरवायला घेतलं. दोन आटे सुटले न सुटले तोच फुस्सकन पांढरा धूर आला आणि मामांची दोन बोटं पिठात बुडवल्यासारखी पांढरी पडली. संध्याकाळी फोड. मामा म्हणतात भाजलं. आग नाही, गरम काही नाही, मग भाजलं कसं? (सिलिंडर बदलायचं काम वजनकाट्याशेजारी होतं, तिथं लिंबाची सावली आहे.)

दुसरं, भरलेला सिलिंडर लावला तरी गाडी सुरू होऊन मिनिटभरात बंद. परत सेल मारला, परत बंद. सिलिंडरचा काटा पाऊणच्या वर, वॉल्व्ह मामांनी माझ्यासमोर सरसर पूर्ण खोलला होता. अर्ध्या तासानं आपोआप चालू झाली. का, माहीत नाही.

तिसरं, दुपारी गाडी बाहेर उन्हात उभी असली की वास मारते. सकाळी अजिबात नाही. इथं आत्ताच ४२ च्या आसपास चाललंय.

आणि मुख्य अडचण. हे सिलिंडर आमच्या नेहमीच्या गॅस एजन्सीत बदलून मिळेनात. शेठना कुणीतरी गावातला एक माणूस गाठून दिला. तो निळा १९ किलोचा सिलिंडर उलटा टांगतो आणि नळीनं आमच्यात गॅस उतरवून देतो. आतापर्यंत तीनदा भरून झालाय. आता शेठ म्हणतात ती नळी आपणच विकत घेऊ, मामा भरतील, त्याला कशाला पैसे द्यायचे.

मला नाही म्हणायचंय. पण शेठसमोर ‘मला भीती वाटते’ एवढ्यानं भागत नाही, कारण लागतं. कुणी गॅसच्या गाडीवर काम केलेलं असेल तर सांगा.

---

दालमिल_लातूर

ताई, एवढं घाबरायचं काम नाही. आमच्याकडं पंधरा वर्षं झाली, निळ्यातून भरतो. उलटा करायचा, नळी लावायची, रिकामा सिलिंडर ओल्या पोत्यात गुंडाळून गार ठेवायचा म्हणजे गॅस पटकन उतरतो. आवाज बदलला की भरला समजायचं. आजपर्यंत काही झालं नाही. फक्त बिडी ओढणारा माणूस लांब ठेवा.

---

निवृत्त_ऑपरेटर_वाळूज

ताई, आधी मामांची बोटं. डॉक्टरला दाखवलं नसेल तर आजच दाखवा. ते भाजणं नाही, गोठणं आहे, पण कातडीला दोन्ही सारखंच. नळीत गॅस पातळ असतो, पाण्यावाणी. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, म्हणजे बोटावर पडला की बोटाची ऊब ओढून घेऊनच उडतो. पुन्हा असं झालं तर कोमट पाण्यात धरायचं. चोळायचं नाही, शेकायचं नाही, टूथपेस्ट लावायची नाही. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला आज चौदा वर्षांनीही थंडीत मुंग्या येतात. तीही अशीच गेली होती, आणि तेव्हा मी स्वतःला लै हुशार समजत होतो.

मी वाळूजला सव्वीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली, त्यातली अकरा वर्षं गॅसवर. तुमच्या तिन्ही गोष्टी ओळखीच्या आहेत.

मामांनी चावी आधी बंद केली, तिथंच घोळ झाला. डिझेलवाल्याची सवय ती, गाडी बंद करायची मग हात घालायचा. गॅसच्या गाडीत उलटं. गाडी मोकळ्या जागी आणायची, माल उचलायचे पुढचे काटे जमिनीला टेकवायचे, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन चालू ठेवूनच सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करायचा. मग नुसतं उभं राहायचं. इंजिन नळीतला उरलेला गॅस पिऊन टाकतं, मग खाकरतं आणि आपोआप मरतं. त्यानंतर चावी. एवढं झाल्यावर कपलिंग सोडलं तर बारीक ‘फिस’ होते, शिट्टीच्या सुरुवातीएवढी. तेवढी चालते. त्याच्यावर आवाज आला, आणि येतच राहिला, तर कपलिंग परत आवळायचं आणि वॉल्व्ह खरंच बंद आहे का ते बघायचं. आणि हातात चामड्याचे जाड हातमोजे. सुती नको, सुती भिजून कातडीला चिकटतो. डोळ्याला चष्मा. बोटं गेली तरी माणूस तंबाखू मळू शकतो, डोळ्याचं काय करणार.

तुमची दुसरी गोष्ट, गाडी सुरू होऊन बंद. मामांनी वॉल्व्ह ‘सरसर’ खोलला, असं तुम्हीच लिहिलंय. सिलिंडरच्या तोंडात एक झडप असते. नळी कधी तुटली तर सगळा गॅस बाहेर सांडू नये म्हणून ती आपण होऊन मिटते. वॉल्व्ह झटक्यात खोलला की रिकाम्या नळीत गॅस एकदम धावतो, झडपेला वाटतं नळी तुटली, ती बसते. इंजिनला मिळतो तो झिरपेल तेवढाच. मग ड्रायव्हर सेल मारतो, बॅटरी उतरवतो, शिव्या देतो. अर्ध्या तासानं दोन्हीकडचा दाब सारखा झाला असेल, झडप सुटली, गाडी चालली. वॉल्व्ह बंद करून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं आणि परत खोलायचा, पण पाव पाव फेरा. मी तर नवीन पोरांना सांगायचो, झोपलेल्या लेकराच्या अंगावरची गोधडी काढतो तसा खोल.

वॉल्व्ह खोलल्यावर आणि सेल मारायच्या आधी, साबणाचा फेस. कपड्याचा साबण पाण्यात घोळून एका बाटलीत कायम ठेवा, ब्रश ठेवा. कपलिंगवर लावला आणि बुडबुडा फुगला की गळती. बुडबुडा नाही तर चला. काडी लावून बघणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याबद्दल इथं लिहित नाही. कपलिंग हातानंच आवळायचं, पाना लावायचा नाही. हातानं आवळून गळत असेल तर आतली रबराची ओ-रिंग चिरलेली किंवा पडलेली असते. दर वेळी नळी जोडायच्या आधी तिच्याकडं एकदा बघायचं. पान्यानं आवळून गळती थांबली असं वाटतं खरं, पण रबर चिरडून जातं आणि पुढच्या वेळी दुप्पट गळतं. टेफलॉनची पट्टी गुंडाळणाऱ्याला तर उभं करू नका.

आता तिसरी, दुपारचा वास. ताई, हिच्यामुळं मी रात्री अकराला उठून लिहू लागलोय, सुनबाई विचारतीय काय झालं. पातळ गॅस तापला की फुगतो, पाण्याच्या कितीतरी पट फुगतो. म्हणून सिलिंडर कधीच तोंडापर्यंत भरत नाहीत, ८० टक्क्यांवर थांबतात. वरची २० टक्के जागा रिकामी नाही, ती फुगण्यासाठी ठेवलेली आहे. तुमचा तो माणूस आवाजावर भरतो, त्याला ८० कुठं आणि ९५ कुठं काय कळणार? सकाळी गार वेळेला सिलिंडर गप्प राहतो. दुपारी जालन्याच्या उन्हात गॅस फुगतो, जागा संपते, आणि सेफ्टी वॉल्व्ह थुंकायला लागतो. तो तुमचा वास. म्हणजे सेफ्टी वॉल्व्ह त्याचं काम करतोय म्हणून तुम्ही आज हे लिहू शकताय. तो गंजून बसलेला असता तर?

आणखी एक बघा. सिलिंडरच्या कड्याला एक भोक असतं आणि गाडीच्या ब्रॅकेटवर एक खुंटी असते. ती पिन त्या भोकात बसली पाहिजे. लोकांना वाटतं ती सिलिंडर घसरू नये म्हणून आहे. ती त्याच्यासाठी नाही. आडव्या सिलिंडरमधे पातळ गॅस खाली आणि वाफ वर असते. पिन बसली की सेफ्टी वॉल्व्हचं तोंड वर वाफेत येतं आणि इंजिनला गॅस देणारी आतली नळी खाली तळाला जाते. पिन नसली आणि सिलिंडर कसाही ठेवला की सेफ्टी वॉल्व्ह पातळ गॅसमधे बुडतो. मग तो थुंकला तर वाफ नाही थुंकत, पातळ थुंकतो. एक लिटर पातळ गॅस सांडला की त्याचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. दुसरी खूण, अर्धा सिलिंडर संपला की गाडी गॅस संपल्यासारखी खाकरायला लागते, आणि काढून हलवून बघावा तर आत गॅस डुचमळतोय. असं होत असेल तर पिन बघा.

आणि कंसात काय लिहिलंय तुम्ही? वजनकाट्याशेजारी? ताई, तो काट्याचा खड्डा आहे ना खाली? हा गॅस हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. तो वर उडून जात नाही, पाण्यावाणी उतार शोधतो. खड्डा, गटार, डॉकचा उतार, तिथं जाऊन बसतो आणि वारं नसेल तर तासन्तास बसतो. हवेत शंभरात दोन भाग झाला तरी पेटायला पुरे. काट्याच्या खड्ड्यात वायरी असतात. उद्यापासून तिथं बदलायचं बंद, सावली असो नसो.

राहिलं शेठचं. कारण पाहिजे ना? वरची तिसरी गोष्ट वाचून दाखवा. बाकी कायद्याचं कुणीतरी शिकलेलं माणूस सांगेल, माझं शिक्षण नववी.

लातूरकर दादा, तुम्हाला नंतर लिहितो.

---

सेफ्टी_मॅडम_संभाजीनगर

काकांनी मशीनचं सगळंच सांगितलं, मी कागदाचं सांगते. मी फॅक्टरीतच सेफ्टी ऑफिसर आहे.

एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस उतरवायला गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे बंदी आहे. भरायचं काम परवाना असलेल्या प्लांटमधेच होतं. हे नियम १८८४ च्या स्फोटक कायद्याखालचे आहेत, आणि अंमलबजावणी करणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरातच आहे. तुमचे सिलिंडर कुठून आले ते माहीत नाही, म्हणून आधी त्यांच्यावर कोरलेलं वाचा. पेसोची मान्यता नसलेला सिलिंडर, बाहेर देशाच्या मशीनसोबत आलेला असला तरी, इथं भरता येत नाही. एजन्सी बदलून देईना याचं कारण कदाचित हेच असेल, आणि मग एजन्सीचं बरोबर आहे.

चाचणीची तारीख बघा. आपल्याकडच्या एलपीजी सिलिंडरवर वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. सी-२७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत चालतो. तारीख गेलेला सिलिंडर घेऊच नका, दारातून परत पाठवा. हे घरच्या लाल सिलिंडरलाही लागू आहे, आज स्वयंपाकघरात जाऊन बघाच.

एजन्सीत मागताना ‘फोर्कलिफ्टचा सिलिंडर’ एवढंच म्हणू नका, ‘लिक्विड ऑफ-टेक’ म्हणा. पातळ गॅस बाहेर देणारे सिलिंडर वेगळे, त्यांचा वॉल्व्ह वेगळा. हॉटेलात असतो तो साधा निळा वाफ देतो. तेल कंपन्या लिक्विड ऑफ-टेकचे सिलिंडर देतात, पण प्रत्येक वितरक ठेवत नाही. कंपनीच्या सेल्स ऑफिसरला लेखी मागणी द्या, फोनवर काम होत नाही. आणि उलटं कधी होऊ देऊ नका. मी एका ठिकाणी वॉचमननं रात्री चहासाठी फोर्कलिफ्टचा सिलिंडर शेगडीला जोडलेला बघितलाय. शेगडीत पातळ गॅस आला की ज्योत नाही, भडका होतो. सुटे सिलिंडर जाळीच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. कपाट शेडच्या बाहेर, सावलीत, गटारापासून लांब. सिलिंडर उभे. रिकाम्यालाही भरल्यासारखंच वागवा, त्यात वाफ असतेच.

परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. यात कँटीनचे सिलिंडरही मोजायचे, ते सगळे विसरतात.

अजून एक, कुणी विचारलं नाही तरी. ‘धूर कमी झाला’ यावर निर्धास्त होऊ नका. एलपीजीच्या इंजिनातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला ना रंग ना वास. ट्यूनिंग बिघडलेली गाडी बंद शेडमधे तासभर चालली की हमालांचं डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि आपण म्हणतो उन्हाचं असेल. दोन्हीकडची शटर उघडी ठेवा आणि गाडीची ट्यूनिंग तपासून घ्या.

गळतीचा आपत्कालीन नंबर १९०६, चोवीस तास. गेटवर रंगवून घ्या.

---

दालमिल_लातूर

मॅडम, नियम सगळे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी असतात. इथं एजन्सीवाला लिक्विडचं नाव काढलं की हसतो. सीझनमधे तूर येऊन पडलेली असते, ट्रक उभे असतात, तेव्हा काय लेखी मागणी करत बसायचं? आणि काका, एकेकाचा अनुभव असतो. आमच्याकडं खरंच काही झालेलं नाही.

---

निवृत्त_ऑपरेटर_वाळूज

दादा, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षं काही झालं नाही, हाव. आमच्याकडंही नऊ वर्षं काही झालं नव्हतं.

सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती तिथं नाही. गॅस रात्रपाळीत संपायचा आणि स्टोअरला कुलूप, म्हणून तुमच्यासारखीच नळी होती. मीच वापरायचो. मीच एका पोराला शिकवली, सिल्लोडकडचा होता, तेवीस वर्षांचा. डिसेंबरची रात्र, गार होतं, म्हणून शटर खाली ओढलेलं. निळा उलटा टांगलेला. नळी आमच्या बाजूनं निसटली. त्यानं सोडून पळायचं तर दोन्ही हातांनी धरली, वाया जाऊ नये म्हणून. वाया! मी धावत गेलो आणि निळ्याचा वॉल्व्ह बंद केला, करंगळी तेव्हाच गेली. शेडमधे गुडघ्याएवढं पांढरं धुकं. कुणीतरी ओरडलं लाईट लावा. मी म्हटलं बटणाला हात लावू नका, चालू पण नाही बंद पण नाही. अंधारात चाचपडत शटर वर केलं आणि सगळे बाहेर. पेटलं नाही. कशानं पेटलं नाही ते मला आजपर्यंत माहीत नाही, तिथून वीस पावलांवर कॉम्प्रेसर होता आणि तो चालू-बंद होत असतो. पोराच्या उजव्या हाताची तीन बोटं अर्धी कापावी लागली. कागदावर लिहिलं, मशीनमधे हात गेला.

तो आता गावाकडं असतो, दुधाचा धंदा आहे. दिवाळीला फोन करतो. मी उचलतो, पण बोलायला सुचत नाही.

तुम्ही ओल्या पोत्यानं गार करून भरता ना, त्याचं सांगतो. गार केलेल्या सिलिंडरमधे जास्त बसतो, हे खरंय. मग तो गरम झाल्यावर ते जास्तीचं कुठं जाणार? लातूरला ऊन कमी पडतं का?

सीझनमधे अडचण असते, मान्य. मग दोन सिलिंडरच्या जागी तीन घ्या, पण भरून आलेलेच. नसता सीझनपुरती बॅटरीची गाडी भाड्यानं घ्या.

---

गोडाऊनवाली_जालना

उशिरा लिहिते, माफ करा. तीन दिवस तेच चाललं होतं.

काका, तुमचा मेसेज मी छापून शेठच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिल्या पानावर ‘लै लांबड लावलीय’ असं म्हटलं. ८० टक्क्यांचं वाचलं तेव्हा उठून बाहेर गेले, गाडी उन्हात उभी होती तिथं गेले, वास घेतला आणि म्हणाले, ‘मला तर येत नाही.’ मग गेटवर पाकिटं घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला बोलावलं. तो दहा पावलांवरूनच म्हणाला, साहेब, गॅस येतोय. आमच्या सगळ्यांच्या नाकाला सवय झाली होती. त्यानंतर शेठ काही बोलले नाहीत. गाडी त्यांनीच सावलीत ढकलायला लावली, सेल मारू दिला नाही. तेवढं वाचलं होतं म्हणजे.

मॅडम, दोन्ही सिलिंडरवर पेसोचं काही नाही. इंग्रजीत कुठलातरी पत्ता आहे, आणि एकावर तर रंगाखाली काही वाचताच येत नाही. तेल कंपनीला मेल केला, त्यांचा माणूस येऊन बघून गेला. हे भरता येणार नाहीत, ताब्यात घेऊन रिकामे करावे लागतील म्हणाला. घेऊन गेले. नवीन लिक्विडचे तीन मिळतील, पण वेळ लागेल, आणि गाडीचं ब्रॅकेट त्यांना बसतं का ते आधी मोजून कळवायचंय. तोपर्यंत गाडी झाकून उभी आणि हँडपॅलेटवर काम. हमालांनी पोत्यामागं जास्तीचा दर मागितला, तो शेठनी दिला. नळीचं नाव परत निघालं नाही.

मामांची बोटं बरी आहेत. डॉक्टर म्हणाले नखं जातील, परत येतील. काका, तुमचं गोधडीचं वाक्य मामांना फार आवडलं. पण ‘इंजिन चालू ठेवून वॉल्व्ह बंद’ हे त्यांना अजून पटत नाही. म्हणतात चालू गाडीत हात घालणं हे माझ्या उस्तादानं मला मारून मोडून काढलंय. मी म्हटलं हात इंजिनात नाही, मागं सिलिंडरच्या वॉल्व्हला लावायचाय. ‘बघू’ म्हणाले.

जागा बदलली. कंपाउंडच्या पश्चिमेला, गटारापासून लांब, पिवळा चौकोन रंगवलाय. सावली नाही, तर शेठ म्हणाले वरून पत्रा टाकू, बाजू उघड्या ठेवू. साबणाच्या पाण्याची बाटली खिळ्याला टांगली होती, ती दुसऱ्याच दिवशी गायब. कँटीनच्या बाईंनी भांड्याला वापरली. आता तिच्यावर लाल पट्टी लावलीय.

एक विचारायचं राहिलं. ब्रॅकेटवरची ती पिन आमच्या गाडीत नाहीच. तुटल्याची खूण दिसते, कुणीतरी घासून सपाट केलीय. शेजारच्या रोलिंग मिलचा वेल्डर म्हणतो दोन मिनिटांत सळईचा तुकडा लावून देतो, चहाच्या पैशात. लावून घेऊ का?

---

निवृत्त_ऑपरेटर_वाळूज

नको. पिन कुठं बसायची हे सिलिंडरच्या भोकावरून ठरतं, वेल्डरच्या अंदाजावरून नाही. बोटभर इकडंतिकडं झाली तर सिलिंडर जोर लावून बसवतील, नसता परत घासून टाकतील. आधीच्यानं घासली ती याच्यापायीच असणार. नवे सिलिंडर येऊ द्या, मग त्यांच्या मापाचं अख्खं ब्रॅकेट गाडीच्या डीलरकडून मागवा, पट्ट्यासकट. ते येईपर्यंत वेल्डरला त्या गाडीजवळ जाऊ देऊ नका, सिलिंडर नसला तरी. नळीत आणि रेग्युलेटरमधे उरलेला असतो.

मामांना माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, माझाही उस्ताद मारायचा, पण त्यानं गॅसची गाडी बघितली नव्हती.